केस रंगवल्यावर कोरडे का पडतात? आणि तेल लावल्याने ते खरंच सुधारतात का?

लग्नसराई तोंडावर आली की घराघरात डायची पाकिटं उघडतात. कुणाला कानशिलावरचे पांढरे केस लपवायचे असतात, कुणाला फोटोत उठून दिसतील असे हायलाइट्स हवे असतात. पहिले दोन-तीन दिवस केस छान चमकतात. मग पहिली-दुसरी अंघोळ होते आणि तक्रार सुरू होते. केस राठ लागतात, टोकं झाडूसारखी दिसतात, कंगवा अडकतो आणि फणीत तुटलेल्या केसांचा पुंजका येतो.

यावर घरातली आजी एकच सांगते: "तेल लाव." मोबाईलवरच्या रील्स मात्र वीस गोष्टी सांगतात. कुणी सात दिवसांत केस 'रिपेअर' करून देतो, कुणी तेलाने रंग उतरतो म्हणून घाबरवतो, तर कुणाच्या मते तेलाचा काडीचाही उपयोग नाही.

यात खरं काय? तेल नेमकं कुठे काम करतं आणि कुठे करत नाही? त्यासाठी आधी केसाची रचना समजून घ्यावी लागेल.

केस जिवंत नसतो, ही पहिली गोष्ट

केसाचं मूळ टाळूच्या आत असतं आणि तेवढाच भाग जिवंत असतो. टाळूच्या बाहेर आलेला केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. त्याला रक्तपुरवठा नसतो, नसा नसतात. म्हणूनच केस कापताना दुखत नाही.

याचा अर्थ असा की बोट कापलं तर जखम आपोआप भरते, पण केसाला इजा झाली तर तो स्वतःला बरा करू शकत नाही. एकदा फाटलेलं टोक पुन्हा जोडलं जात नाही. 'डॅमेज रिपेअर' असं लिहिलेली बाटली विकत घेताना एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच पैसे वाचतात.

केसाचे दोन भाग इथे महत्त्वाचे आहेत. बाहेरचं आवरण घराच्या कौलांसारखं असतं. एकावर एक चढलेले पातळ, पारदर्शक खवले, साधारण पाच ते दहा थरांचे. याला क्युटिकल म्हणतात. आतला गाभा म्हणजे कॉर्टेक्स. केसाची ताकद, लवचिकपणा आणि नैसर्गिक रंग देणारं मेलॅनिन या गाभ्यात असतं.

कौलं नीट बसलेली असतील तर त्यावर प्रकाश सरळ परावर्तित होतो आणि केस चमकतो. शिवाय या आवरणावर निसर्गाने स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे निरोगी केसावर पाणी सहज पसरत नाही, दोन केस एकमेकांवरून घसरतात आणि गुंता कमी होतो.

डाय लावल्यावर आत काय घडतं?

बाजारात मिळणाऱ्या पर्मनंट डायमध्ये बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात: एक रंगाची क्रीम किंवा पावडर आणि दुसरा डेव्हलपर. दोन्ही एकत्र केल्यावर केसात तीन कामं होतात.

पहिलं काम अमोनिया किंवा त्यासारखं अल्कधर्मी रसायन करतं. केस फुगतो आणि कौलं उघडतात. केसाला किंचित आम्लधर्मी वातावरण मानवतं. डायच्या मिश्रणाचा पीएच मात्र बहुतेकदा 9 ते 11 च्या आसपास असतो.

दुसरं काम हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. ते आत शिरून नैसर्गिक मेलॅनिन फिकट करतं.

तिसरं काम रंगाच्या बारीक रेणूंचं. ते उघड्या कौलांमधून गाभ्यात जातात, तिथे पेरॉक्साइडच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि मोठे होतात. मोठे झाल्यावर त्यांना सहज बाहेर पडता येत नाही. म्हणून हा रंग महिनोन्‌महिने टिकतो.

या रंगरेणूंमधला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी. त्याचा रंगवण्याचा गुण एकोणिसाव्या शतकातच कळला होता. युजीन श्युलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केसांचे डाय बनवून पॅरिसमधल्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. 1909 मध्ये त्याने काढलेल्या कंपनीच्या नावाचा अर्थच मुळी 'निरुपद्रवी केशरंगांची फ्रेंच कंपनी' असा होता. तीच पुढे लॉरेआल झाली.

निरुपद्रवी हा शब्द मात्र पूर्ण खरा नाही. पेरॉक्साइड फक्त मेलॅनिनवर थांबत नाही. केराटिनला घट्ट धरून ठेवणारे गंधकाचे बंध असतात, त्यातलेही काही ते तोडतं. आणि वरचा तो स्निग्ध थर? अल्कधर्मी पेरॉक्साइडपुढे तो टिकत नाही. बराचसा निघून जातो.

आता डाय केलेल्या केसाच्या सगळ्या तक्रारी जुळतात. स्निग्ध थर गेला म्हणून केस राठ आणि गुंतागुंतीचा. कौलं उचकटली म्हणून चमक गेली. बंध तुटले म्हणून केस ओढला की पटकन तुटतो. आणि एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल: असा केस पाणी जास्त शोषतो. तो दिसायला 'कोरडा' असतो, पण अंघोळीनंतर वाळायला जास्त वेळ घेतो. कारण पाणी अडवणारं छप्परच गळकं झालेलं असतं.

सगळे रंग सारखे नुकसान करत नाहीत

डेव्हलपरच्या बाटलीवर 10, 20, 30 किंवा 40 व्हॉल्यूम असा आकडा असतो. 10 म्हणजे साधारण 3 टक्के पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9 आणि 40 म्हणजे 12 टक्के. आकडा जितका मोठा, तितका मेलॅनिन जास्त उडतो आणि केसही जास्त दुखावतो.

काळ्या केसांवर काळा किंवा गडद तपकिरी रंग लावणं तुलनेने सौम्य असतं. काळ्या केसांवर सोनेरी किंवा राखाडी छटा हवी असेल तर आधी ब्लीच करावं लागतं. ब्लीच ही या सगळ्यातली सर्वांत कठोर प्रक्रिया आहे. त्यावर आधी स्ट्रेटनिंग किंवा स्मूदनिंग झालेलं असेल तर केस अक्षरशः रबरासारखा ताणला जाऊन तुटू शकतो.

'अमोनिया-फ्री' लिहिलेलं दिसलं की निर्धास्त होऊ नये. अमोनियाचा वास नसतो, पण त्याच्या जागी दुसरं अल्कधर्मी रसायन असतं आणि पेरॉक्साइडही बहुतेकदा असतंच. डोळे कमी चुरचुरतात, केसाचं नुकसान टळतंच असं नाही.

तेल नेमकं काय करतं?

इथे एक अभ्यास मुंबईत झालेला आहे आणि जगभर केसांवर लिहिणारे त्याचा दाखला देतात. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी खोबरेल तेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल या तिघांची तुलना केली. 2003 मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. साधे केस, ब्लीच केलेले केस, रसायनांनी खराब झालेले केस, अशा वेगवेगळ्या केसांना तेल लावून, धुऊन, विंचरून त्यातून किती प्रथिन बाहेर जातं हे त्यांनी मोजलं.

निष्कर्ष स्पष्ट होता. तिन्ही तेलांपैकी फक्त खोबरेल तेलाने प्रथिनाचा ऱ्हास लक्षणीय कमी केला. निरोगी केसातही आणि खराब झालेल्या केसातही.

एक गोष्ट जाणून घ्यायला हवी की हे संशोधन मॅरिको या कंपनीत झालं, आणि मॅरिको खोबरेल तेल विकते. म्हणून तो अभ्यास खोटा ठरत नाही, पण वाचकाला हे माहीत असलेलं बरं.

मग खोबरेल तेलातच असं काय आहे? या तेलात जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याचा रेणू लहान आणि सरळ असतो, शिवाय केसातल्या प्रथिनाशी त्याचं जमतं. त्यामुळे खोबरेल तेल केसाच्या आत शिरू शकतं. सूर्यफुलाच्या तेलातले रेणू मोठे आणि वाकडे असतात, ते तितके आत जात नाहीत. मिनरल ऑइल प्रथिनाशी जुळत नाही, ते वरच राहतं.

आत गेलेलं तेल पाण्याला अडवतं. केस भिजला की फुगतो, वाळला की आकसतो. दर अंघोळीला हे होतं. खराब केसात हा फुगण्या-आकसण्याचा खेळ जास्त चालतो आणि त्यात कौलं आणखी उचकटतात. धुण्याआधी तेल लावलेलं असेल तर पाणी कमी शिरतं, केस कमी फुगतो, घासताना प्रथिन कमी निघतं.

दुसरं काम वरवरचं, पण रोज जाणवणारं. डायने नेलेल्या स्निग्ध थराच्या जागी तेलाचा तात्पुरता थर बसतो. केस एकमेकांवरून घसरतात, गुंता सुटतो, कंगव्याने तुटणं कमी होतं.

थोडक्यात, तेल तुटलेले बंध जोडत नाही. ते पुढचं नुकसान थांबवतं. पण डाय केलेल्या केसासाठी हीच सर्वांत मोठी मदत आहे, कारण डायने केस कमकुवत होतो आणि नंतरच्या महिन्यांतलं धुणं, घासणं, विंचरणं त्याला तोडतं.

मग कोणतं तेल घ्यावं?

डाय केलेल्या केसासाठी सरळ उत्तर म्हणजे साधं खोबरेल तेल. ते महाग किंवा परदेशी असण्याची गरज नाही. साधारण 24 अंशांखाली ते गोठतं, त्यामुळे थंडीत नाशिक-पुण्याकडे बाटलीतून निघत नाही. अशा वेळी बाटली गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभी ठेवावी. थेट गॅसवर कडकडीत तापवू नये.

तिळाचं, बदामाचं किंवा करडईचं तेल वाईट नाही. केसावर थर देणं, गुंता सोडवणं ही कामं तीही करतात. खोबरेलाचा वास सहन होत नसेल तर ती वापरता येतात.

एरंडेल तेल जपून वापरावं. ते फार चिकट आणि दाट असतं. लांब, खराब केसांवर नुसतं एरंडेल थापलं आणि केस डोक्यावर गोळा करून चोळून धुतले, तर केसांचा दगडासारखा घट्ट गोळा होऊ शकतो. असा प्रकार घडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. असा गोळा सुटत नाही, कापावाच लागतो. वापरायचंच असेल तर खोबरेलात थोडंसं मिसळावं.

मोहरीचं तेल काही जणांच्या त्वचेला झोंबतं. डायनंतर टाळू आधीच हळवी असेल तर ते टाळलेलं बरं.

माका, जास्वंद, ब्राह्मी घालून उकळलेली घरगुती तेलं पिढ्यान्‌पिढ्या वापरली जातात. त्यांचा पाया खोबरेल किंवा तीळतेल असेल तर त्या पायाचे फायदे मिळतातच. बाजारातल्या 'हेअर ऑइल'च्या बाटलीवर मात्र घटकांची यादी वाचावी. पुष्कळदा मोठ्या अक्षरात बदामाचं किंवा आवळ्याचं नाव असतं आणि यादीत सर्वांत वर मिनरल ऑइल, म्हणजे लिक्विड पॅराफिन. ते विषारी नाही, केसाला चमकही देतं. पण खोबरेल जे आतून करतं ते त्याच्याने होत नाही.

डायनंतर तेल लावायचं कसं?

पहिले दोन-तीन दिवस घाई करू नये. रंग लावल्यानंतर साधारण 48 ते 72 तास शाम्पू टाळावा, असं बहुतेक हेअरड्रेसर सांगतात. तोवर तेल लावून पुन्हा डोकं धुण्याची वेळ आणू नये.

त्यानंतर आठवड्यातून एक किंवा दोनदा, म्हणजे जेव्हा केस धुवायचे तेव्हा त्याआधी, हा क्रम ठेवता येतो.

1. केस कोरडे असताना जाड दातांच्या कंगव्याने गुंता काढा. सुरुवात टोकापासून करा आणि हळूहळू वर या. मुळापासून खाली ओढलं तर गुंत्यापाशी केस तुटतो.

2. खांद्यापर्यंतच्या केसांना एक ते दोन चमचे तेल पुरे. तेल गळेपर्यंत चोपडलं म्हणून जास्त आत जात नाही, उलट ते काढायला जास्त शाम्पू लागतो आणि केलेलं काम वाया जातं.

3. तेलाची खरी गरज केसाच्या लांबीला आणि टोकांना आहे, कारण तोच भाग सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त वेळा रंगलेला असतो. आपल्याकडे बहुतेक जण टाळूवर भरपूर तेल जिरवतात आणि टोकांना नुसता हात पुसतात. क्रम उलटा करा. केसांच्या बटा करून मध्यापासून टोकापर्यंत तेल लावा, उरलेलं टाळूला.

4. टाळूला मालीश करायची असेल तर बोटांच्या पेरांनी हलकेच. खसाखसा चोळलं की खराब केस तुटतात आणि गुंता होतो.

5. केस सैल वेणीत बांधून दोन-तीन तास ठेवा. रात्रभर ठेवलं तरी चालतं. उशीवर जुना सुती कपडा घाला. ज्यांना कपाळावर पुटकुळ्या येतात त्यांनी रात्रभर ठेवू नये, तेल कपाळावर उतरून त्या वाढतात.

6. धुताना शाम्पू तळहातावर पाण्यात पातळ करून फक्त टाळूला लावा. फेस खाली ओघळतो, तेवढ्याने लांबी स्वच्छ होते. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळू नका. पाणी कोमट असावं.

7. नंतर कंडिशनर लावा, तोही लांबीला. खराब केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो आणि कंडिशनरमधले घटक धनभारित असतात. म्हणून कंडिशनर बरोबर जिथे नुकसान जास्त तिथे चिकटतो. तेल लावलं म्हणून कंडिशनर नको असं नाही, दोघांची कामं वेगळी आहेत.

8. केस टॉवेलने रगडू नका. जुन्या सुती टी-शर्टमध्ये गुंडाळून पाणी टिपा. अर्धवट ओले असताना दोन-तीन थेंब तेल तळहातावर पसरून फक्त टोकांवरून हात फिरवा.

विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी असलेल्या भागात केस आणखी राठ लागतात. त्या पाण्यातलं कॅल्शियम खराब झालेल्या केसावर जास्त चिकटतं. शेवटचं पाणी तरी फिल्टरचं किंवा साठवलेल्या पावसाचं वापरता आलं तर फरक जाणवतो.

तेलाने रंग उतरतो का?

ही भीती बरीच पसरलेली आहे. पर्मनंट डायचे रेणू केसाच्या गाभ्यात मोठे होऊन बसलेले असतात. साध्या खोबरेल तेलाने ते ओढून काढले जात नाहीत. रंग उतरतो तो मुख्यतः पाणी, शाम्पू आणि ऊन यांमुळे. दर अंघोळीला थोडा थोडा.

गोंधळ होतो तो असा: तेल जास्त लावलं जातं, ते काढायला दोनदा-तीनदा शाम्पू होतो आणि रंग फिका पडतो. दोष तेलाला जातो. तेल कमी आणि शाम्पू सौम्य ठेवला की हा प्रश्न बराचसा सुटतो.

काही आठवड्यांत आपोआप धुऊन जाणारे तात्पुरते रंग मात्र वेगळे. ते केसाच्या पृष्ठभागाजवळच बसलेले असतात, त्यामुळे ते कशानेही लवकर निघतात.

या चुका तेलाचा फायदा घालवतात

तेल लावलेल्या केसावर स्ट्रेटनर फिरवणं. त्या उष्णतेपुढे तेल संरक्षण देत नाही, केस होरपळतो. ओल्या केसावर स्ट्रेटनर त्याहून वाईट, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तिथे तो तुटतो.

दर वेळी मुळापासून टोकापर्यंत पूर्ण डाय लावणं. पांढरे केस दिसतात ते मुळांशी, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. रंग तेवढ्याच भागाला लावायला हवा. टोकं आधीच रंगलेली असतात. वर्षातून आठ-दहा वेळा त्यांनाही डाय पाजला तर कोणतंही तेल त्यांना वाचवू शकत नाही. ही एकच सवय बदलली तरी केसांत मोठा फरक पडतो.

लिंबू, बेकिंग सोडा, कांद्याचा रस असे प्रयोग करणं. बेकिंग सोडा अल्कधर्मी असतो, म्हणजे डायने उघडलेली कौलं पुन्हा उघडणं झालं. लिंबू आणि कांदा हळव्या टाळूची आग करतात.

'काळी मेहंदी' सुरक्षित असते का?

डायने केस खराब झाले की अनेक जण मेहंदीकडे वळतात. खऱ्या मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केराटिनला चिकटतं आणि लालसर-केशरी रंग देतं. त्यासाठी पेरॉक्साइड लागत नाही, म्हणून केसाची तशी मोडतोड होत नाही. मेहंदीने केस थोडे कोरडे मात्र वाटतात, आणि तिथेही आदल्या-नंतरच्या तेलाचा उपयोग होतो.

पण मेहंदी कधीच काळी नसते. पाकिटावर 'काळी मेहंदी' किंवा 'ब्लॅक हिना' लिहिलं असेल तर तो काळा रंग बहुतेकदा पीपीडीचा असतो. नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांनी गडद छटा येऊ शकते, पण त्याला वेळ लागतो आणि ती वेगळ्या टप्प्यात लावावी लागते. वीस मिनिटांत केस काळेभोर करणारी 'हर्बल मेहंदी' दिसली तर आधी घटकांची यादी वाचा.

जिथे तेल नको, डॉक्टर हवा

पीपीडीची ॲलर्जी ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. टाळूला प्रचंड खाज, कपाळ आणि कानामागे पुरळ, पापण्या सुजून डोळे बंद होणं, टाळूतून पाणी येणं, अशी तिची लक्षणं आहेत. ती डाय लावल्यावर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांनीही दिसू शकतात. वर्षानुवर्षं तोच डाय लावणाऱ्यालाही अचानक ॲलर्जी होऊ शकते.

अशा वेळी 'उष्णता झाली' म्हणून वर तेल थापू नये. डोकं भरपूर पाण्याने धुवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा चेहरा झपाट्याने सुजत असेल तर थेट रुग्णालयात.

म्हणूनच डायच्या पाकिटावर आधी चाचणी करण्याचा इशारा असतो. भारतात तो छापणं नियमाने बंधनकारक आहे. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडं मिश्रण लावून 48 तास वाट पाहायची. बहुतेक जण ही पायरी सोडतात, कारण कार्यक्रम उद्यावर आलेला असतो. डाय पापण्या किंवा भुवयांना कधीच लावू नये.

टाळूवर पिवळसर, तेलकट कोंडा असेल तरीही तेल कमी करावं. त्यामागे असलेल्या बुरशीला टाळूवरची स्निग्धता हेच अन्न असतं. रात्रभर तेल ठेवलं तर कोंडा वाढू शकतो. तेल फक्त लांबीला लावावं आणि कोंड्यावर वेगळे उपचार घ्यावेत.

आणखी एक फरक ओळखता यायला हवा. केस तुटतोय की गळतोय? फणीतला केस हातात घ्या. पूर्ण लांबीचा असेल आणि एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून गळलेला आहे. दिवसाला 50 ते 100 केस असे गळणं नेहमीचं आहे. त्याहून खूप जास्त असतील तर रक्तातलं लोह, थायरॉइड, नुकतंच झालेलं बाळंतपण, मोठा ताप अशी कारणं शोधावी लागतात, त्याला तेल हा उपाय नाही. केसाचे तुकडे आखूड आणि ठिपक्याशिवाय असतील तर तो तुटलेला केस. तेल, कंडिशनर आणि हलका हात यांचा उपयोग तिथे होतो.

फरक कधी दिसेल?

गुंता आणि राठपणा पहिल्या दोन-तीन धुण्यांतच कमी वाटतो. फणीत येणारे तुकडे कमी झाले का, हे कळायला दीड-दोन महिने लागतात. फाटलेली टोकं तेलाने जुळत नाहीत, ती दर दोन-तीन महिन्यांनी अर्धा-एक इंच कापून टाकणं हाच उपाय. न कापल्यास फाट वर चढत जाते.

आणि केस 'पूर्ववत' व्हायला? महिन्याला एक सेंटीमीटर या हिशेबाने खांद्यापर्यंतचे, समजा 30 सेंटीमीटरचे केस पूर्ण नवे यायला अडीच वर्षं लागतात. तेवढ्या काळात जुना, रंगलेला केस जपायचा आणि नव्याला कमी दुखवायचं. नियमित तेल त्याच काळाची सोबत आहे.

म्हणून सात दिवसांत केस 'रिपेअर' करणाऱ्या बाटलीच्या नादी लागण्याआधी फडताळातली खोबरेल तेलाची बाटली काढा. दोन चमचे तेल, टोकांपासून सुरुवात आणि पुढच्या वेळी डाय फक्त मुळांना. आजीचा सल्ला बरोबरच होता, फक्त तेल टाळूऐवजी टोकांवर जास्त लागायला हवं होतं.